तुरुंगातली बाई आणि मतदार यादी

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



पत्रिकेत माझा विषय 'तुरुंगातील स्त्रिया आणि राजकीय हक्क' असा छापला आहे. काल रात्री जेवताना दोघी-तिघींनी मला विचारलं, "तुरुंगात कसले आलेत राजकीय हक्क? तिथं धड पाणी मिळत नाही." खरं आहे. ज्या बायकांबरोबर मी काम करते, त्यांच्याशी बोलणं होतं ते जामिनाचं, वकिलाचं, बाहेर राहिलेल्या पोरांचं. माहेराहून कुणी मुलाखतीला येईल का, याचं. मताचा विषय त्या स्वतःहून काढत नाहीत. पण मतदार यादीत नाव असण्या-नसण्याने सुटून आल्यावर या बायकांचं काय होतं, ते मी जवळून पाहते आहे. म्हणून आज मी त्या यादीबद्दलच बोलणार आहे.

आधी कायदा सांगते, कारण याबाबत आपल्यातही गैरसमज आहेत. 'एकदा शिक्षा झाली की मत गेलं' हे तुम्ही ऐकलं असेल. गावातले पुढारी सांगतात, सरकारी कर्मचारी सांगतात, शिकलेले लोकही सांगतात. ते खरं नाही.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यातलं कलम ६२, पोटकलम ५ असं सांगतं की जी व्यक्ती तुरुंगात किंवा पोलिसांच्या कोठडीत आहे तिला मत देता येणार नाही. शिक्षा झालेली असो वा खटला चालू असो, दोघींना एकच नियम. अपवाद फक्त प्रतिबंधात्मक कायद्याखाली स्थानबद्ध केलेल्यांचा. त्यांना टपालाने मत देता येतं. म्हणजे बंदी आहे ती आत असेपर्यंत. जामिनावर सुटलेली बाई मत देऊ शकते. खुनाची जन्मठेप भोगून बाहेर आलेली बाईसुद्धा देऊ शकते.

यादी कशी करायची याचा कायदा वेगळा, १९५० चा. त्याच्या कलम १६ मध्ये कुणाचं नाव यादीत येणार नाही ते लिहिलंय. जो भारताचा नागरिक नाही, ज्याला न्यायालयाने मनोरुग्ण ठरवलंय, आणि ज्याला निवडणुकीतल्याच गैरप्रकारांसाठी वा गुन्ह्यांसाठी अपात्र ठरवलंय, असे तिघे. चोरी, खून, हुंडाबळी, हातभट्टी यांतलं काहीही त्यात नाही. गंमत बघा, मतदारांना पैसे चारल्याबद्दल शिक्षा झाली तर सहा वर्षं मत जातं, पण नवऱ्याचा खून केल्याबद्दल जन्मठेप झाली तरी कायदा तुमचं नाव यादीतून काढत नाही. कलम २० मध्ये तर स्पष्ट म्हटलंय की तुरुंगात ठेवलं म्हणून कुणी तिथली रहिवासी होत नाही. तिचा पत्ता तिच्या घरचाच राहतो.

यात २०१३ साली आणखी एक वाक्य जोडलं गेलं. कैदेमुळे मत देता येत नसलं, तरी ज्या व्यक्तीचं नाव यादीत आहे ती त्यामुळे मतदार राहत नाही असं होणार नाही, असं ते वाक्य. आपल्या बायकांच्या फार उपयोगाचं आहे. पण ते काही त्यांच्यासाठी आलेलं नाही. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता की तुरुंगात असल्यामुळे जो मत देऊ शकत नाही, तो उमेदवारही होऊ शकत नाही. सगळ्या पक्षांचे धाबे दणाणले. दोन-तीन महिन्यांत संसदेने कायदा दुरुस्त केला आणि हे वाक्य आलं. पुढाऱ्यांना आतून निवडणूक लढवता यावी म्हणून. आपल्याला संसदेकडून इतक्या तत्परतेने काही मिळाल्याचं मला तरी आठवत नाही. पण मिळालंय तर आपण वापरू या.

तर आज परिस्थिती अशी की तुरुंगातून निवडणूक लढवता येते, जिंकता येते, पण मत देता येत नाही. १९७७ साली जॉर्ज फर्नांडिस तुरुंगात असताना मुझफ्फरपूरमधून निवडून आले. २०२४ साली बारामुल्लातून अब्दुल रशीद शेख तिहारमधून निवडून आले. आपल्या राज्यात जून २०२२ मध्ये राज्यसभा आणि विधान परिषदेच्या निवडणुकांत नवाब मलिक आणि अनिल देशमुख या तेव्हाच्या दोन आमदारांनी मतदानापुरतं बाहेर सोडा म्हणून अर्ज केले. न्यायालयांनी याच कलमावर बोट ठेवून ते नाकारले. तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरून चर्चा झाली. त्याच वेळी राज्यातल्या तुरुंगांत कितीतरी बायका त्याच कलमाखाली बसून होत्या. त्यांच्याबद्दल ओळ नव्हती.

आता या बायका कोण आहेत? राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसं होती. त्यातले ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नाही असे. शंभरातले पंचाहत्तरहून अधिक. बायका होत्या २३,७७२. एकूण कैद्यांत चार टक्के. संख्या इतकी थोडी की कुठलाही पक्ष त्यांच्यासाठी जाहीरनाम्यात अर्धी ओळ घालणार नाही.

कच्ची कैदी आत का असते? गुन्हा गंभीर असतो म्हणून, हे कारण आहेच. पण कितीतरी जणी जामीन मंजूर होऊनही आत असतात, कारण जामीनदार मिळत नाही. जामीनदाराला सातबारा लागतो, नाहीतर पगाराची पावती, रेशनकार्ड. बाईच्या नावावर जमीन नसते. ज्यांच्या नावावर असते ते सासरचे तर बहुतेक वेळा फिर्यादी तरी असतात, नाहीतर 'आमचा तिच्याशी संबंध नाही' म्हणून मोकळे झालेले. १९७८ साली मोतीराम खटल्यात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी गरीब माणसाला न झेपणाऱ्या जामिनावर कडक ताशेरे ओढले. एका गवंड्याला दहा हजारांचा जामीन सांगितला होता, आणि त्याने आणलेला जामीनदार दुसऱ्या जिल्ह्यातला म्हणून नाकारला होता. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आजही मी कोर्टाच्या व्हरांड्यात बाहेरच्या तालुक्यातला जामीनदार परत जाताना पाहते. तेव्हा एकाच कलमाखालच्या दोघींमध्ये एक जामीन भरून बाहेर आली आणि मत देऊन आली, दुसरी आत राहिली आणि मताला मुकली. दोघींमधला फरक पैशाचा. मालमत्ता असेल त्यालाच मत, हा नियम आपण १९५० साली गाडला असं पुस्तकात शिकलो ना?

१९९७ साली अनुकूलचंद्र प्रधान खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवलं. कारणं दिली ती अशी. कैद्यांना मतदान करू द्यायचं तर जास्त पोलीस, जास्त बंदोबस्त लागेल. जो आत आहे तो स्वतःच्या वागण्याने आत आहे. आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीच्या लोकांना निवडणुकीपासून दूर ठेवणं योग्यच आहे. दुसरं कारण कच्च्या कैद्याला कसं लागू होतं, ते मला आजवर कळलेलं नाही. पहिल्या कारणाबद्दल सांगायचं तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरच्या मतदारांकडे आणि गंभीर अपंगत्व असलेल्यांकडे कर्मचारी घरी जाऊन मत घेऊन आले. चांगलंच झालं. पण डोंगरातल्या एका म्हातारीसाठी पायवाट तुडवणाऱ्या यंत्रणेला, चार भिंतींत एका जागी बसलेल्या, रोज दोनदा मोजल्या जाणाऱ्या बायकांपर्यंत पोचणं जड आहे, हे पटत नाही.

आता अवघड भागाकडे येते. आपण सगळ्या बलात्काऱ्याला, हुंड्यासाठी जाळणाऱ्याला शिक्षा व्हावी म्हणून मोर्चे काढतो. मग कैद्यांना मत द्या म्हणायचं, म्हणजे त्यालाही द्यायचं का? मागे एका बैठकीत एक ज्येष्ठ कार्यकर्ती मला म्हणाली, "त्याच्या मताची काळजी तू करतेस, मेलेल्या पोरीचं मत कुठे गेलं?" याला झटपट उत्तर नाही, आणि असल्याचा आव मी आणणार नाही. एवढंच सांगते की महिला बराकीत मला भेटणाऱ्यांत हुंड्याच्या गुन्ह्यातल्या सासवा, नणंदा, जावा आहेत. नवऱ्याच्या माराला कंटाळून कोयता उचललेल्या आहेत. नवऱ्याने घरात आणून ठेवलेल्या गांजाखाली सापडलेल्या आहेत. 'आपल्या' आणि 'त्यांच्या' अशी वाटणी तिथं करता येत नाही. शिक्षा म्हणजे स्वातंत्र्य काढून घेणं. ते काढून घेतलेलं आहे. त्यावर नागरिकत्वाचाही तुकडा तोडून कुणाला न्याय मिळतो, असं मला वाटत नाही. दक्षिण आफ्रिकेत २००४ साली तिथल्या घटना न्यायालयाने शिक्षा झालेल्या कैद्यांचाही मताधिकार मान्य केला, आणि तिथे तुरुंगात मतदान होतं. तुम्हाला पक्क्या कैद्यांबद्दल पटत नसेल तर नका पटवून घेऊ. कच्च्या कैद्यांसाठी तरी आपला आवाज एक असावा.

कायद्यानेच सुटकेनंतरही मत काढून घेतलं की काय होतं, हे पाहायचं तर अमेरिकेकडे बघावं. तिथे 'फेलनी' म्हणजे गंभीर गुन्हा सिद्ध झाला की मत कधी जातं आणि कधी परत येतं, हे प्रत्येक राज्यात वेगळं आहे. मेन आणि व्हर्मॉन्ट या राज्यांत कैदी तुरुंगातूनही मत देतात. काही राज्यांत सुटल्यावर लगेच, काही राज्यांत देखरेखीचा काळ संपल्यावर, तर काही गुन्ह्यांसाठी जवळजवळ कधीच नाही. फ्लोरिडात २०१८ साली लोकांनी सार्वमताने, चौसष्ट टक्क्यांहून अधिक मतांनी, शिक्षा पुरी केलेल्यांना मत परत दिलं. खून आणि लैंगिक गुन्हे वगळून. पुढच्याच वर्षी तिथल्या विधिमंडळाने अट घातली, दंड आणि कोर्टाची फी फेडल्याशिवाय मत नाही. पण कुणाचं किती देणं बाकी आहे, हे सांगणारी एक नोंदवही राज्याकडे नव्हतीच. माणसं पैसे घेऊन उभी, आणि किती भरायचे ते सांगणारं कुणी नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये तिथे वीस जणांना बेकायदा मतदान केलं म्हणून अटक झाली. त्यांतल्या कित्येकांना मतदार ओळखपत्रं सरकारनेच पाठवलेली होती.

टेनेसीतल्या मेम्फिस शहरात पामेला मोझेस नावाची कृष्णवर्णीय कार्यकर्ती आहे. तिची देखरेखीची मुदत संपली, असा दाखला तिला संबंधित अधिकाऱ्याने सही करून दिला. तो दाखला जोडून तिने २०१९ साली मतदार नोंदणीचा अर्ज केला. मग लक्षात आलं की दाखलाच चुकीचा होता. चूक खात्याची. खटला मात्र तिच्यावर, आणि जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा झाली सहा वर्षांची. पुढे फेरखटल्याचा आदेश झाला आणि एप्रिलमध्ये सरकारी वकिलांनी आरोप मागे घेतले. पण तोवर ती आत राहून आली होती. अशा गोष्टी ऐकल्यावर शेजारपाजारची सुटून आलेली किती माणसं मतदान केंद्राकडे फिरकतील, तुम्हीच सांगा.

आपल्याकडे असा कायदा नाही, म्हणून मी मघाशी कलमं वाचून दाखवली. आपल्याकडे बाईचं नाव जातं ते वेगळ्या रस्त्याने. ती आत गेली की गावात यादी तपासायला बीएलओ येतात. ते अंगणवाडीची ताई असतात, शिक्षक असतात, गावातलेच. घरात विचारतात, ही कुठे आहे? दीर सांगतो, इथे राहत नाही. खोटं नाही. कधी घरातलाच कुणी नमुना ७ भरून देतो. नाव काढण्याचा अर्ज तो. नियमाप्रमाणे नाव काढण्यापूर्वी तिला नोटीस द्यायची, तिचं म्हणणं ऐकायचं. नोटीस कुठे जाते? यादीतल्या पत्त्यावर. म्हणजे ज्या घराने तिला टाकलं त्याच घराच्या उंबऱ्यावर. ती दोनशे किलोमीटरवरच्या बराकीत. शेरा पडतो, 'स्थलांतरित'.

हे आपल्याला नवीन नाही. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्या यादीत, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख बायकांची नावं गाळावी लागली होती. त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. बाईची नोंद कुणाच्या तरी आधाराने करायची, आणि तो आधार सुटला की नोंद पुसायची, ही रीत तेव्हापासूनची. आणि २०२५ साली बिहारमध्ये यादीची विशेष सखोल फेरतपासणी झाली, तेव्हा ऑगस्टमध्ये निघालेल्या मसुद्यात सुमारे ६५ लाख नावं नव्हती. मृत, दुबार, कायमचे स्थलांतरित, पत्त्यावर न सापडलेले. सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यावर नावं कारणांसह जाहीर झाली. अशी तपासणी कुठेही झाली, की तुरुंगातली बाई कुठल्या रकान्यात पडेल ते तुम्हाला कळलंच असेल.

मराठवाड्यातली एक बाई सासऱ्याच्या खुनाच्या आरोपावरून साडेचार वर्षं कच्ची कैदी होती. निर्दोष सुटली. सासरी दार बंद, म्हणून माहेरच्या गावाला भावाच्या पडवीत राहू लागली. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे अर्ज सुरू झाले. अधिवासाच्या दाखल्याऐवजी पंधरा वर्षांपूर्वीचं मतदार ओळखपत्र चालत होतं. तिचं होतं, तितकं जुनं. पण ते सासरच्या ट्रंकेत. नवीन प्रत मिळवावी म्हणून चौकशी केली तर यादीत नावच नाही. तिथल्या खिडकीवरच्या माणसाने वर सांगितलं, "केस झाली ना तुमच्यावर? मग नाव कटतं." निर्दोष सुटलेल्या बाईला! ती मला म्हणाली, "ताई, कोर्टाने सोडलं. कागदाने नाही सोडलं."

आणि पारधी वस्तीवरच्या बायकांचं आणखी निराळं. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला, पण पोलीस ठाण्याच्या दप्तरात त्यांची नावं पिढ्यान्पिढ्या नीट राहतात. तुरुंगाच्या रजिस्टरात जातीचा रकाना होता. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये तो काढून टाकायला सांगितला. माझ्या ओळखीच्या एका पारधी आजीचं नाव चार वेगवेगळ्या ठाण्यांत लिहिलेलं आहे. मतदार यादीत ती कधीच नव्हती. ज्या वहीने त्रास होतो तिच्यात नाव पक्कं, आणि जिच्यामुळे सरपंच निदान दारात उभा राहतो तिच्यात नाही.

आता करायचं काय? संस्थांच्या पातळीवर मी दोन मागण्या मांडते. कच्च्या कैद्यांना टपाली मत द्यावं, स्थानबद्धांना देतात तसं. आणि कैदेत असलेल्या व्यक्तीचं नाव काढण्याची नोटीस तुरुंग अधीक्षकांमार्फत तिच्या हातात पडल्याशिवाय नाव काढू नये. दुसरीला कायदा बदलायची गरज नाही, एक परिपत्रक पुरेल.

पण मागण्यांची वाट पाहत बसू नका. तुमच्यापैकी ज्या मुलाखतीला तुरुंगात जातात, त्यांनी बाईकडून तिच्या मतदार ओळखपत्राचा नंबर, विधानसभा मतदारसंघ आणि यादीतला पत्ता लिहून घ्यावा. आठवत नसेल तर माहेर-सासर दोन्हीकडच्या याद्या पाहाव्या. नाव निघालं असेल आणि ती अजून आत असेल तर नोंदणी अधिकाऱ्याकडे लेखी हरकत घ्यावी, त्यात कलम २० आणि २०१३ ची दुरुस्ती लिहावी. तोंडी बोलू नका, पोच घ्या. सुटून आली की नमुना ६, आणि नाव शाबूत असून पत्ता बदलला असेल तर नमुना ८. राहण्याचा पुरावा नाही म्हणून परत पाठवतील. तेव्हा सांगा की बेघर माणसासाठी आयोगाची सूचना वेगळी आहे. त्या ठिकाणी ती खरंच झोपते का हे बीएलओने रात्री येऊन पाहायचं, कागद मागायचा नाही. आधारगृहात राहणाऱ्या एकीचं नाव आम्ही असंच घातलं. ते बीएलओ बिचारे रात्री साडेदहाला टॉर्च घेऊन आले, चहा पिऊन गेले.

आणि हे निवडणूक जाहीर होण्याआधी. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, मग कितीही धावपळ केली तरी नाव चढत नाही. अडचण आली तर १९५० नंबरला फोन लावा, तक्रार क्रमांक मागून घ्या. नमुना ६, ७ आणि ८ च्या पन्नासेक प्रती मी मागच्या टेबलावर ठेवल्यात. सातचा नमुना भरायला नाही, ओळखायला आणलाय. घेताना शेजारच्या वहीत आपला तालुका आणि जवळचा तुरुंग लिहून ठेवा, म्हणजे तुमच्याकडच्या बायका आमच्या तुरुंगात निघाल्या तर कुणाला कळवायचं ते आम्हाला समजेल.